रोगाच्या पायऱ्या आणि त्यांची सरासरी

कृषिसंशोधनाचे अहवाल आणि पदव्युत्तर प्रबंध चाळताना एक कोष्टक हमखास भेटते. डावीकडे वाणांची किंवा बुरशीनाशकांची नावे असतात, उजवीकडे 'शेकडा रोगनिर्देशांक' या मथळ्याखाली ५५.६, ४८.२ असे दशांशचिन्हासह आकडे असतात आणि तळाशी सी. डी. म्हणजे क्रांतिक फरक दिलेला असतो. दोन आकड्यांतला फरक सी. डी. पेक्षा मोठा असला की एक वाण दुसऱ्याहून सरस ठरतो. पुढे त्यातूनच शिफारस होते, घडीपत्रिका छापली जाते आणि शेतकरी बियाणे निवडतो.

या कोष्टकातील ५५.६ हा आकडा नेमका कशाचा शेकडा आहे, असा साधा प्रश्न आम्ही येथे विचारणार आहोत. पानांचा म्हणावे तर तो पानांचा नाही. झाडांचाही नाही आणि उत्पन्नातील घटीचा तर नाहीच. मग तो आला कोठून, त्याच्यावर किती विसंबावे आणि त्याऐवजी काय करता येईल, हे क्रमाने पाहू. विषय शेतीचा असला तरी शिक्षकांनी तो परका समजू नये. मुलांना दर चाचणीत श्रेणी देणारे आणि वर्षअखेरीस त्या सगळ्या श्रेणींचा एक निकाल लावणारे आपण सगळे हाच व्यवहार करत असतो.

पायऱ्या कशा आल्या

पानावर रोग किती आहे हे मोजणे दिसते तितके सोपे नाही. फुटपट्टीने उंची मोजता येते, तराजूने वजन करता येते. परंतु भुईमुगाच्या पानावरील टिक्क्याचे शेकडो ठिपके मोजत बसणे एका शेतात शक्य नसते. त्यामुळे डोळ्यांनी अंदाज करण्याची रीत पडली. ऑस्ट्रेलियात नेथन कॉब यांनी १८९२ साली गव्हाच्या तांबेऱ्यासाठी पाच पायऱ्यांची चित्रे तयार केली. निरीक्षकाने पान चित्राशी ताडून पाहायचे आणि जवळची पायरी लिहायची. ही कल्पना उत्तम होती. आजही नमुनाचित्रे वापरून निरीक्षक तयार करण्याइतका चांगला उपाय दुसरा नाही.

१९२३ साली अमेरिकेत एच. एच. मॅकिनी यांनी गव्हाच्या रोपांवरील रोगाचा अभ्यास करताना या पायऱ्यांचे एका आकड्यात रूपांतर केले. सर्व रोपांच्या पायऱ्यांची बेरीज करायची, तिला रोपांची संख्या गुणिले सर्वांत वरची पायरी याने भागायचे आणि शंभराने गुणायचे. आपल्याकडचा शेकडा रोगनिर्देशांक तो हाच. सूत्र सुटसुटीत आहे आणि हातानेही करता येते. संगणक नसण्याच्या काळात हा गुण मोठा होता.

१९४५ साली हॉर्सफॉल आणि बॅरॅट यांनी आणखी एक विचार मांडला. मानवी डोळा ५० टक्क्यांच्या खाली रोगट भाग पाहतो आणि ५० टक्क्यांच्या वर निरोगी भाग पाहतो, तेव्हा पायऱ्या दोन्ही टोकांना बारीक आणि मध्ये रुंद असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या बारा पायऱ्यांच्या सीमा ०, ३, ६, १२, २५, ५०, ७५, ८८, ९४, ९७ आणि १०० टक्के अशा आहेत. ही पद्धत जगभर पसरली. मात्र मुळात ती एका छोट्या सारांशवजा टिपणात मांडलेली होती आणि डोळ्याविषयीचे गृहीतक तेव्हा तपासले गेले नव्हते. पुढे अनेकांनी ते तपासले. २०१० च्या सुमारास अमेरिकेत क्लाइव्ह बॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेपफ्रूटच्या पानांवरील खैऱ्या रोगावर जे काम केले, त्यात सरळ टक्क्यांत केलेला अंदाज या पायऱ्यांत बसवला की मोजमापाचा काटेकोरपणा कमीच होतो असे दिसले.

आपल्या जवळचे उदाहरण भुईमुगाचे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने १९९५ साली तांबेरा आणि उशिराचा टिक्का यांसाठी १ ते ९ पायऱ्यांची सुधारित पद्धत प्रसिद्ध केली. १ म्हणजे रोग नाही. २ म्हणजे १ ते ५ टक्के पाने रोगाने व्यापलेली, ३ म्हणजे ६ ते १०, ४ म्हणजे ११ ते २०, ५ म्हणजे २१ ते ३०, ६ म्हणजे ३१ ते ४०, ७ म्हणजे ४१ ते ६०, ८ म्हणजे ६१ ते ८० आणि ९ म्हणजे ८१ ते १०० टक्के. शेकडो वाण चाळून त्यांतून प्रतिकारक्षम वाण निवडण्यासाठी ही पद्धत सोयीची आहे, यात शंका नाही. आमची तक्रार पायऱ्यांबद्दल नाही. पायरीला संख्या समजून तिच्यावर जे गणित केले जाते, त्याबद्दल आहे.

सरासरीत काय बिघडते

पहिला दोष अगदी उघड आहे. समजा शेतातील एकाही झाडाला रोग नाही. प्रत्येक झाडाची पायरी १. दहा झाडांची बेरीज १०, भागिले १० गुणिले ९, गुणिले १००. उत्तर ११.१ टक्के. रोगाचा मागमूस नसलेल्या शेताचा रोगनिर्देशांक अकरा टक्क्यांवर! मॅकिनीचे सूत्र शून्यापासून सुरू होणाऱ्या पायऱ्यांसाठी होते. ते एकापासून सुरू होणाऱ्या पायऱ्यांना लावले की असे होते. ही चूक सुधारणे सोपे आहे, प्रत्येक पायरीतून १ वजा करून ८ ने भागले की झाले. तरीही ज्या आकड्याला आपण 'टक्के' म्हणतो तो टक्के नाही, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

दुसरा दोष पायऱ्यांच्या उंचीचा. गडाच्या जुन्या पायऱ्या चढताना एक पायरी वीतभर आणि दुसरी गुडघ्याएवढी लागते. 'शंभर पायऱ्या चढलो' म्हटल्याने किती उंच चढलो ते कळत नाही. भुईमुगाच्या पायऱ्याही तशाच आहेत. प्रत्येक पायरीचा मध्य धरला तर २ म्हणजे ३ टक्के, ३ म्हणजे ८ टक्के. या दोहोंत ५ टक्क्यांचे अंतर आहे. ७ म्हणजे ५०.५ आणि ८ म्हणजे ७०.५. येथे अंतर २० टक्क्यांचे आहे. एका बुरशीनाशकाने झाड ३ वरून २ वर आणले आणि दुसऱ्याने ८ वरून ७ वर आणले, तर सरासरीच्या हिशेबात दोघांची कामगिरी सारखीच, 'एक पायरी'. पहिल्याने शेकडा ५ पाने वाचवली, दुसऱ्याने शेकडा २०.

या दोषाने केवळ आकडा थोडा इकडेतिकडे होत असता तर आम्ही त्यावर एवढे लिहिले नसते. कधीकधी क्रमच उलटतो. समजा 'क' वाणाची दहाही झाडे पायरी ५ वर आहेत. 'ख' वाणाची सहा झाडे पायरी २ वर आणि चार झाडे पायरी ९ वर आहेत. 'क' ची सरासरी ५.०. 'ख' ची सरासरी १२ अधिक ३६, म्हणजे ४८ भागिले १०, म्हणजे ४.८. कोष्टकात 'ख' सरस दिसेल. आता पानांचा हिशेब करू. 'क' मध्ये सरासरी २५.५ टक्के पाने रोगट. 'ख' मध्ये सहा झाडांचे ३ टक्क्यांप्रमाणे १८ आणि चार झाडांचे ९०.५ टक्क्यांप्रमाणे ३६२, एकूण ३८०, म्हणजे सरासरी ३८ टक्के. ज्या वाणाने पाने अधिक गमावली तोच सरस ठरला.

तिसरा दोष आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. 'क' ची सगळी झाडे सारखी आहेत. 'ख' मध्ये दोन जातींची झाडे दिसतात, काही रोगाला दाद न देणारी आणि काही पूर्ण बळी पडणारी. बियाणे मिसळलेले असेल किंवा वाण अजून स्थिर झालेला नसेल. पैदासकाराच्या दृष्टीने ही सहा चांगली झाडे म्हणजे सोने आहे, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने ती चार झाडे म्हणजे संकट. सरासरीने दोघांपासूनही ही गोष्ट लपवली. ४.८ या पायरीवर तर एकही झाड उभे नव्हते.

तेच वाफे, पुन्हा पुन्हा

रोग एका दिवसात येत नाही. म्हणून एकाच वाफ्याची पाहणी ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा केली जाते. येथे गुंता वाढतो.

व्हॅन डर प्लँक यांनी १९६३ साली वनस्पतिरोगांच्या साथींवर जे पुस्तक लिहिले, त्यापासून रोगाकडे वाढत्या आलेखाच्या रूपात पाहण्याची दृष्टी आली. १९७७ साली शेनर आणि फिनी यांनी गव्हाच्या भुरीचा अभ्यास करताना रोगवाढीच्या आलेखाखालील क्षेत्रफळ काढण्याची रीत रूढ केली. दोन पाहण्यांची सरासरी गुणिले मधले दिवस, अशा समलंब चौकोनांची ती बेरीज. टक्क्यांसाठी ही रीत चांगलीच आहे. पुढे मात्र ती पायऱ्यांनाही सर्रास लावली गेली.

पेरणीनंतर ६०, ७५, ९० आणि १०५ दिवसांनी केलेल्या पाहण्या घेऊ. समजा एका वाणाच्या पायऱ्या २, ३, ५, ७ आल्या आणि दुसऱ्याच्या १, १, ७, ८. पायऱ्यांवरून क्षेत्रफळ काढले तर दोघांचेही बरोबर १८७.५ येते. एकक काय, तर 'पायरी-दिवस'! आता पायऱ्यांऐवजी मधले टक्के घालून तेच गणित करा. पहिल्याचे ९०३.७५ येते, दुसऱ्याचे १२८६.२५. म्हणजे जवळजवळ दीडपट. शिवाय दोघांचा इतिहासही निराळा आहे. पहिल्यावर रोग लवकर आला आणि हळूहळू चढला. दुसरा ७५ दिवसांपर्यंत स्वच्छ होता आणि नंतर एकदम कोसळला. पहिल्या शेतकऱ्याला फवारणी लवकर हवी होती. दुसऱ्याला पंचाहत्तर ते नव्वद दिवसांत डोळ्यांत तेल घालून पाहणी करायला हवी होती. १८७.५ हा एकच आकडा दोघांना एकच सल्ला देतो.

दुसरी अडचण मोजणीतली आहे. तीन वाण, प्रत्येकाच्या चार पुनरावृत्ती, प्रत्येक वाफ्याच्या पाच पाहण्या. वहीत साठ नोंदी झाल्या. परंतु वाफे बाराच आहेत. आज ज्या पानावर ठिपके आहेत त्यावरचे ठिपके पंधरा दिवसांनी नाहीसे होत नाहीत, त्यांतूनच नवे बीजाणू सुटतात आणि शेजारच्या पानावर रुजतात. दुसरी पाहणी ही पहिलीची लेक आहे, स्वतंत्र साक्षीदार नव्हे. एकाच माणसाला पाच वेळा विचारून पाच साक्षीदार मिळाले असे न्यायालयात कोणी म्हणणार नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिसरशास्त्रातील प्रयोगांची झडती घेताना या चुकीला खोटी पुनरावृत्ती असे नाव दिले. वरच्या प्रयोगात वाणांची तुलना खरे तर चुकीच्या ६ स्वातंत्र्यमात्रांवर उभी असते. साठ नोंदी सुट्या धरल्या की त्या ४२ होतात. सी. डी. आकसतो आणि नसलेले फरक 'लक्षणीय' ठरतात.

भुईमुगात आणखी एक खोच आहे. टिक्क्याने पाने गळतात. सर्वांत रोगट पाने जमिनीवर पडली की वर राहिलेली पाने तुलनेने स्वच्छ दिसतात, आणि गळीची नोंद न ठेवणाऱ्या निरीक्षकाच्या वहीत पायरी खाली उतरते. झाड उघडे पडत असते आणि आकडा सुधारत असतो.

सरासरीच्या बाजूने

टीका करताना दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली 'सायन्स' या साप्ताहिकात मोजमापांचे चार प्रकार सांगितले. नावापुरती, क्रमदर्शक, समान अंतराची आणि खऱ्या शून्याची. क्रमदर्शक मोजमापांची सरासरी काढू नये, हा दंडक तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत शिरला. १९५३ साली फ्रेडरिक लॉर्ड यांनी त्याची गमतीदार खिल्ली उडवली. त्यांच्या गोष्टीतले प्राध्यापक फुटबॉलपटूंच्या पाठीवरचे क्रमांक विकतात. नवख्या विद्यार्थ्यांची तक्रार येते की आपल्याला छोटे छोटेच क्रमांक मिळाले. मग संख्याशास्त्रज्ञ बिनदिक्कत त्या क्रमांकांची सरासरी काढतो आणि वाटणी यदृच्छेने झाली असणे अशक्यप्राय आहे हे दाखवून देतो. पाठीवरचे क्रमांक निव्वळ नावापुरते, तरी सरासरी उपयोगी पडली.

लॉर्ड यांचे म्हणणे खरे आहे. मात्र तेथे प्रश्न होता तो क्रमांकांच्या वाटणीबद्दलच. आमचा प्रश्न क्रमांकांबद्दल नसून पानांबद्दल, शेंगांबद्दल आणि फवारणीच्या खर्चाबद्दल आहे. तेथे क्रमांकाने पानांच्या वतीने बोलावे असे वाटत असेल, तर त्याला ते बोलता येते की नाही हे आधी पाहिले पाहिजे.

दुसरा बचाव परंपरेचा. आपल्याकडे कृषिसंशोधकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोबती म्हणजे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचा 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स' हा ग्रंथ. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने तो १९५४ साली काढला. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. प्रयोगाची मांडणी, पुनरावृत्ती आणि प्रचरण-विश्लेषण, म्हणजे आज सगळे ज्याला 'ॲनोव्हा' म्हणतात ते, या देशातल्या शेतावर रुजवण्यात या दोघांचा वाटा मोठा आहे. त्या ग्रंथाला दोष देणे अन्यायाचे होईल. तो प्रामुख्याने उत्पन्नासारख्या मोजता येणाऱ्या राशींसाठी आहे आणि क्रमदर्शक नोंदींसाठी आज जी साधने आहेत, ती तो लिहिला गेला तेव्हा जन्मलीच नव्हती. दोष असलाच तर ती साधने आल्यानंतर चार दशके जुनाच साचा गिरवणाऱ्या आपला आहे.

मोजणीची वाट

१९८० साली पीटर मॅककुलाघ यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात क्रमदर्शक नोंदींसाठी एक प्रतिमान मांडले. त्यातील गणित अवघड असले तरी कल्पना सातवीच्या मुलालाही कळेल अशी आहे. पायऱ्यांची बेरीज करायची नाही. प्रत्येक पायरीपाशी थांबून, या पायरीवर किंवा तिच्या खाली किती झाडे आहेत आणि वर किती, एवढेच मोजायचे.

समजा फवारणी न केलेली ४० झाडे आणि फवारणी केलेली ४० झाडे आहेत. पायरी ३ पाशी थांबू. न फवारलेल्यांपैकी १० झाडे ३ किंवा खाली, ३० वर. प्रमाण १०:३०, म्हणजे एक तृतीयांश. फवारलेल्यांपैकी २० खाली, २० वर. प्रमाण १. फवारणीने प्रमाण तिप्पट झाले. आता पायरी ५ पाशी थांबू. न फवारलेल्यांत २० खाली, २० वर, प्रमाण १. फवारलेल्यांत ३० खाली, १० वर, प्रमाण ३. पुन्हा तिप्पट. पायरी ७ पाशी न फवारलेल्यांत ३० खाली, १० वर, प्रमाण ३. फवारलेल्यांत ३६ खाली, ४ वर, प्रमाण ९. येथेही तिप्पट. कोठेही थांबा, प्रमाण तिपटीने सुधारते. या एका 'तिप्पट' मध्ये फवारणीचा परिणाम सामावला आणि पायऱ्यांची उंची किती, हा प्रश्न कोठे विचारावाच लागला नाही. पायऱ्यांना १, २, ३ म्हणा, अ, आ, इ म्हणा किंवा १, १०, १०० म्हणा. उत्तर बदलत नाही. सरासरीचे उत्तर मात्र बदलते. आमच्या मते दोहोंतला मुख्य भेद हाच आहे.

या कल्पनेमागे एक चित्र आहे. रोगाची तीव्रता खरी तर अखंड वाढणारी राशी आहे. तिच्यावर जागोजागी दांड्या रोवलेल्या आहेत आणि आपण झाड कोणत्या दोन दांड्यांमध्ये आहे एवढेच पाहतो. दांड्या कोठे आहेत हे आपण ठरवून टाकत नाही. नोंदींवरूनच ते अजमावतो.

पुन्हा पुन्हा केलेल्या पाहण्यांसाठी यात आणखी एक भर पडते. प्रत्येक वाफ्याचा स्वतःचा एक कल असतो. कोठे पाणी साचते, कोठे बांधावरच्या झाडाची सावली पडते, कोठे गेल्या वर्षीचा पालापाचोळा राहिलेला असतो. हा कल प्रतिमानात वेगळा धरला की एकाच वाफ्याच्या पाच नोंदी एकमेकींसारख्या का आहेत, याचा हिशेब लागतो आणि बारा वाफे बाराच राहतात. दुसरी वाट लियांग आणि झेगर यांनी १९८६ साली दाखवली. तीत प्रत्येक वाफ्याचा कल न शोधता सर्व वाफ्यांचा सरासरी कौल घेतात आणि नोंदींच्या परस्परसंबंधामुळे येणारी अनिश्चितता पदरात धरूनच निष्कर्ष काढतात. पहिल्या वाटेने 'या वाफ्यात फवारले तर काय होईल' याचे उत्तर मिळते, दुसरीने 'सगळ्या शिवारात फवारले तर काय होईल' याचे. दोन्ही उत्तरे सारखी नसतात. आपल्याला कोणते हवे हे संशोधकाने आधी ठरवावे. हे सारे गणित 'आर' या मोफत मिळणाऱ्या संगणकप्रणालीत करता येते. महागड्या साधनांची सबब आता उरलेली नाही.

या वाटेवरचे काटे

नव्या पद्धतीचे नाव घेतले की काम झाले, असे मात्र नाही. आमच्या उदाहरणात तिन्ही ठिकाणी तिप्पट आले, कारण आम्ही आकडे तसे निवडले. शेतात तसे येईलच असे नाही. एखादा वाण रोगाची लागण होऊ देत नाही, पण एकदा लागण झाली की हात टेकतो. दुसरा लागण रोखत नाही, पण रोग पसरू देत नाही. अशा वेळी खालच्या पायरीपाशी एक प्रमाण मिळेल आणि वरच्या पायरीपाशी दुसरे. हे तपासून पाहिलेच पाहिजे. तसे आढळले तर ते प्रतिमानाचे अपयश मानू नये. वाण रोगाशी कसा झुंजतो याची ती खबर आहे, आणि सरासरीतून ती कधीच मिळाली नसती.

दुसरा काटा नोंदींच्या तुटवड्याचा. बारा वाफे आणि नऊ पायऱ्या म्हटले तर कित्येक पायऱ्यांवर एकही नोंद नसणार. अशा वेळी प्रतिमान डळमळते. शेजारच्या पायऱ्या एकत्र करणे हा एक उपाय आहे, पण खरा उपाय अधिक वाफे घेणे हाच. वाफ्यांची कसर कोणतेही सूत्र भरून काढत नाही. तिसरा काटा असा की 'प्रमाण तिप्पट' हे शेतकऱ्याला सांगता येत नाही. त्याला 'शंभरातली पंचवीस झाडे तिसऱ्या पायरीच्या आत असायची, आता पन्नास असतील' असेच सांगितले पाहिजे, आणि तसे सांगता येते.

आणि जेथे टक्के सरळ अजमावता येतात तेथे पायऱ्या कशाला, हाही प्रश्न उरतोच. पानाचे छायाचित्र आज फोनवर निघते. पायऱ्या ठेवाव्यात त्या रोपाचा जोम, पीक लोळणे, शिजवलेल्या भाताची चव यांसारख्या गोष्टींसाठी, जेथे क्रमापलीकडे काही हाती लागत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सगळे मुलांबरोबर करून पाहता येईल. शाळेच्या आवारातील किंवा परसातील भेंडी, वाल, जास्वंद यांपैकी कोणतीही वीस झाडे निवडा. पायऱ्या मुलांनाच ठरवू द्या. कीड किंवा ठिपके नाहीत, थोडे, बरेच, फार. दर आठवड्याला दोन मुलांनी एकमेकांची वही न पाहता प्रत्येक झाडाची पायरी लिहावी. चार आठवड्यांनी दोन वह्या ताडून पाहा. कोणत्या पायरीवर मतभेद जास्त झाले? बहुधा टोकांपेक्षा मधल्या पायऱ्यांवर झालेले दिसतील. मग अर्ध्या वर्गाला पायऱ्यांना ०, १, २, ३ असे अंक द्यायला सांगा, उरलेल्यांना ०, १, ३, ९ असे. दोन्ही गटांनी दोन ओळींतील झाडांची सरासरी काढून कोणती ओळ अधिक निरोगी ते सांगावे. उत्तरे जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर धडा आपोआप झाला. शेवटी सर्वांनी 'थोडे किंवा त्याहून कमी' अशी झाडे प्रत्येक ओळीत किती, ते नुसते मोजावे. येथे दोन्ही गटांचे उत्तर एकच येईल.

हे झाल्यावर आपल्या स्वतःच्या नोंदवहीकडे एकदा वळावे अशी आमची विनंती आहे. २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२ अशा दहा-दहा गुणांच्या श्रेणी ठरल्या. तळाशी मात्र ३३ ते ४० ला ड, २१ ते ३२ ला इ-१ आणि २० पर्यंतच्या सर्वांना इ-२. वरच्या पायऱ्या सारख्या, तळाची पायरी दुप्पट रुंद. शून्यावरून वीस गुणांपर्यंत चढलेले मूल सबंध वर्षभर त्याच पायरीवर उभे दिसते, तर ८९ वरून ९१ वर गेलेल्याची प्रगती लगेच नोंदली जाते. पहिल्या मुलाने वीस गुणांची चढण चढली. नोंदवहीत ती कोठेच नाही. प्रगतिपत्रकावर सही करण्यापूर्वी तळच्या पायरीवरच्या मुलांचे मूळ गुण एकदा काढून पाहावेत. त्याला फार तर अर्धा तास लागेल.